ग्लासगाव

विमान धावपट्टीच्या टोकाशी वळून उभं राहिलं आणि यांनी डोळे मिटून घेतले. पलीकडच्या खुर्चीतल्या मुलाला वाटलं, काका घाबरले. माझ्याकडे बघून तो धीर देणारं हसला. मी काही बोलले नाही, कारण यांना त्या वेळी शांतता हवी असते. विमान धावू लागलं, चाकांखालून ठक्, ठक् असे ठोके येऊ लागले आणि यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. धावपट्टीच्या मधोमध दिवे बसवलेले असतात, त्यांच्यावरून पुढचं चाक गेलं की असा ठोका बसतो, हे मागे एकदा दिल्लीला जाताना यांनीच मला सांगितलं होतं. वेग वाढला तसे ठोके जवळजवळ आले, मग एकमेकांत मिसळले, मग नुसती थरथर उरली आणि एका क्षणी तीही थांबली. ‘सुटलं,’ हे म्हणाले आणि डोळे उघडले. खिडकीत जुहूचा किनारा तिरका झाला होता.

ही सवय भुसावळची. माझे सासरे, अण्णा, भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. मुलांना घेऊन गाडीत बसले की ते हातातलं घड्याळ काढून यांच्याकडे देत आणि रुळांचे सांधे मोजायला लावत. सांध्यावरून चाक गेलं की खटका. मिनिटाला खटके किती, त्यावरून गाडीचा वेग. खिडकीतून मुलं शेतं बघत, केळीच्या बागा बघत; हे डोळे मिटून गाडी ऐकत. आता रूळ वेल्डिंग करून सलग जोडलेले असतात. गाडी नुसती सरकत जाते, काही बोलत नाही. रेल्वेतून गेलेले ते खटके यांना इतक्या वर्षांनी विमानतळाच्या धावपट्टीवर सापडले, आणि सापडल्यापासून यांनी ते सोडलेले नाहीत.

आम्ही ग्लासगोला निघालो होतो. दुबईला विमान बदलायचं, तिथून पुढे सात-आठ तास. ऑगस्ट २०२४च्या ८ ते १२ तारखांना तिथे वर्ल्डकॉन होतं. जगभरच्या विज्ञानकथावाचकांचं हे संमेलन १९३९पासून भरतं. चार वर्षं युद्धामुळे खंड पडला, एरवी दर वर्षी वेगळं शहर. मंडप, रांगा, भाषणं, पुस्तकं, सगळं वाचकच सांभाळतात, पगार कुणालाही नसतो. हौस माझी. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्याच्याही आधीपासून विज्ञानकथा वाचत आले. यांनी आजवर एकही विज्ञानकथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली नाही.

जाणार म्हटल्यावर घरात प्रश्न सुरू झाले. नणंदेनं विचारलं, ‘वहिनी, तिकडे कुणाचं लग्न आहे का?’ शेजारच्या काकूंना वाटलं, सहलीच्या कंपनीबरोबर युरोप बघायला चाललोय. मुलीनं फोनवर नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आई, म्हणजे हे नेमकं काय असतं, एका वाक्यात सांग.’ मला एका वाक्यात सांगता आलं नाही. चाहत्यांचं संमेलन म्हणावं, तर चाहता म्हटलं की डोळ्यांपुढे नटाच्या बंगल्याबाहेरची गर्दी येते. रसिक म्हणावं, तर त्याला गाण्याच्या बैठकीतल्या अत्तराचा वास. शेवटी मला आपला जुना शब्दच बरा वाटला: वेड. नाटकाचं वेड, गडकिल्ल्यांचं वेड, पुस्तकांचं वेड. या शब्दाला आपल्याकडे किती मान आहे! मुलगा वेडा म्हटलं की आईचा चेहरा उतरतो, पण ‘नाटकवेडा’ म्हटलं की घराण्याचं नाव काढल्यासारखं वाटतं. मी मुलीला म्हटलं, ‘माझ्यासारखी वेडी माणसं जमतात तिथे.’ ती म्हणाली, ‘मग बाबा?’

बाबांचं मलाही कळलेलं नव्हतं. मी एकटीनं जायची तयारी मनाशी केली होती. जेवताना विषय काढला, शहराचं नाव सांगितलं, तर यांचा घास हातातच राहिला. ‘ग्लासगाव?’ हे म्हणाले. ‘मग मी येतो.’ पुढे एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात मला एवढं समजलं आहे की यांचं बोलणं उशिरा येणाऱ्या गाडीसारखं असतं. फलाटावर थांबायचं.

वाचणं ही एकट्यानं करायची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून ‘यक्षांची देणगी’ पहिल्यांदा आणलं तेव्हा आठवीत होते. जयंत नारळीकरांचं हे पुस्तक १९७९ साली आलेलं. घरी आल्यावर ओसरीच्या पायरीवर बसून एका बैठकीत संपवलं आणि मग त्या संध्याकाळी एक नवंच दुःख वाट्याला आलं: हे सांगायचं कुणाला? आईला गोष्ट म्हणजे देवाची किंवा भुताची. मैत्रिणी दुसऱ्या पुस्तकांत रमलेल्या. पुस्तकाच्या मागे वाचनालयाचा तारखांचा कागद चिकटवलेला होता. माझ्या तारखेच्या वर दुसऱ्या तारखा होत्या. म्हणजे या गावात माझ्याआधी काही माणसांनी हे वाचलं होतं. माझ्यासारखीच त्यांचीही छाती धडधडली असेल. मी त्या तारखांकडे बघत बसायचे. तारखांना चेहरे नसतात.

पुढे कधीतरी वाचलं की चाहत्यांची ही सगळी दुनिया अशाच एका कागदावरून उभी राहिली. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत १९२६ साली निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक सुरू केलं, ‘अमेझिंग स्टोरीज’. त्यात वाचकांची पत्रं छापताना पत्रलेखकाचा पत्ताही छापला जाई. साधी गोष्ट, पण तेवढी पुरली. मुलं संपादकाला लिहिता लिहिता एकमेकांना लिहू लागली, मग एकमेकांच्या गावी जाऊ लागली, मंडळं निघाली, सायक्लोस्टाइल केलेले अंक निघाले, आणि १९३९च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन भरलं. जेमतेम दोनशे माणसं. माझ्या तारखांच्या कागदावर पत्ते असते तर काय झालं असतं, असं मी त्या दिवशी बराच वेळ मनाशी म्हणत राहिले.

चेहरे बघायची संधी एकदा अगदी दाराशी आली होती. डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि अध्यक्ष होते नारळीकर. करोनामुळे आधीच ते पुढे ढकललं गेलेलं. आम्ही सकाळीच आडगावच्या मंडपात जाऊन बसलो. माझ्या पिशवीत ‘यक्षांची देणगी’ची स्वतःची प्रत होती. सर येऊ शकले नाहीत, तब्येतीनं साथ दिली नाही. त्या वयात, त्या दिवसांत ते न येणंच बरोबर होतं, हे कळत होतं. तरी मंडपात बसल्या बसल्या माझे डोळे भरले. यांनी पिशवीतलं पुस्तक काढून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यावर हात ठेवून बसले. जणू ते लहान मूल होतं आणि गर्दीत हरवलं असतं.

नारळीकरांच्या पहिल्या कथेची हकिकत मराठी वाचकांना ठाऊक असते. १९७४ साल. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ लिहिली, पण नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून टोपणनाव घेतलं: नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षरही ओळखू येऊ नये, म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हातानं लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लोक ही हकिकत सांगताना उलट्या आद्याक्षरांपाशी थांबतात. माझं मन दर वेळी त्या लिहून काढण्यापाशी थांबतं. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. संध्याकाळची कामं उरकून त्या टेबलाशी बसल्या असतील. कृष्णविवराची गोष्ट, वाक्यामागून वाक्य, त्यांच्या बोटांतून कागदावर उतरली असेल. परीक्षकांच्या हाती जे आलं ते एका माणसाचं डोकं आणि दुसऱ्या माणसाचं अक्षर. मराठीतल्या त्या कथेची पहिली वाचक कोण, हे सांगायला कुणा अभ्यासकाची गरज नाही.

दुबईहून सुटल्यावर विमानात दिवे मंद झाले. मी डबा काढला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. खानदेशात प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर दशम्या द्यायच्याच, नाहीतर निघाल्यासारखं वाटत नाही, असं सासूबाई म्हणत. दुधात भिजवलेल्या कणकेचा तो मऊ गोडसर वास खुर्च्यांच्या त्या रांगेत पसरला. पलीकडे आता एक म्हाताऱ्या स्कॉटिश बाई होत्या, त्यांनाही यांनी एक दशमी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून, पुन्हा पुन्हा बघून, सावकाश खाल्ली.

मी यांना डेव्हिड काइल आणि रूथ यांची गोष्ट सांगितली. दोघांची भेट १९५५च्या संमेलनात झाली. पुढच्या वर्षीच्या न्यूयॉर्कच्या संमेलनाचे काइल अध्यक्ष होते. १९५७ साली वर्ल्डकॉन पहिल्यांदा उत्तर अमेरिकेबाहेर, लंडनला भरलं, तेव्हा ही दोघं नुकतीच लग्न झालेली. मधुचंद्राला ती निघाली ती खास भाड्यानं घेतलेल्या विमानातून, बाकीच्या खुर्च्यांवर चाहते मित्रमंडळी बसलेली, आणि जायचं संमेलनाला. त्या काळी अटलांटिकवरून विमानानं जाणं ही केवढी अपूर्वाई! रात्रभर त्या विमानात कुणाला झोप लागली असेल असं मला वाटत नाही. पुढच्या खुर्चीतला मागे वळून बोलत असेल, कुणी मासिकाचं पान दाखवत असेल, आणि मधेच कुठेतरी नवी नवरी खिडकीला डोकं टेकून काळोखातला पंख बघत असेल.

‘आपण मधुचंद्राला कुठे गेलो होतो?’ यांनी विचारलं.

‘कुठेच नाही. अण्णांचं ऑपरेशन होतं.’

‘हं,’ हे म्हणाले आणि समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघत राहिले. नकाशावर छोटं पांढरं विमान काळ्या समुद्राच्या कडेनं सरकत होतं. बऱ्याच वेळानं, मला डुलकी लागत असताना, आवाज आला. ‘शेडमध्ये इंजिनांवर पितळी पाटी असायची. नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी. खाली गावाचं नाव. अण्णा ती पाटी दर शनिवारी घासायचे, कुणी सांगितलेलं नसताना. चौथीपर्यंत शिकलेले. अक्षरं लावून लावून वाचायचे. शेवटी डब्ल्यू आहे ना, त्यामुळे त्यांचं ग्लासगोव झालं, आणि मग ग्लासगाव. जळगाव, चाळीसगाव, ग्लासगाव. मी बरीच वर्षं समजत होतो की ते पाचोऱ्याच्या पुढे कुठेतरी असणार.’

गाडी फलाटाला लागली होती.

ग्लासगोला उतरलो तेव्हा ऑगस्ट असून बारीक पाऊस होता, आपल्या इगतपुरीसारखा, पडतो आहे की तरंगतो आहे कळू नये असा. संमेलन क्लाइड नदीच्या काठावरच्या मोठ्या प्रदर्शन केंद्रात होतं. त्यातल्या एका सभागृहाला लोक आर्मडिलो म्हणतात, कारण खवल्यांच्या पाठीचा कुणी प्राणी अंग मुडपून बसावा तसं ते दिसतं. या शहरानं वर्ल्डकॉन आधी १९९५ आणि २००५ साली भरवलं होतं, त्यामुळे रांगेत उभी असलेली कितीतरी माणसं एकमेकांना दहा-वीस वर्षांनी भेटत होती. काठी टेकत आलेली, चाकाच्या खुर्चीतून आलेली, निळ्या केसांची, पाठीला पंख बांधलेली, तान्ही मुलं पोटाशी घेतलेली. छातीवर बिल्ला आणि बिल्ल्याखाली रंगीत फितींची शेपटी, एकीखाली एक चिकटवलेली. कुणी भेटलं की आपली फीत देतं, आपण ती लावायची. दुसऱ्या दिवसापर्यंत यांच्या बिल्ल्याला माझ्यापेक्षा जास्त फिती झाल्या, कारण हे कुणालाही नाही म्हणत नव्हते.

भाषणांच्या खोल्यांत बायका-पुरुष विणत बसलेले असत. पहिल्या दिवशी मला ते वावगं वाटलं. शाळेत तीस वर्षं ‘इकडे लक्ष’ म्हणत आलेली मी. मग बघितलं, सुया चालू असताना त्यांचे प्रश्न सगळ्यांत नेमके येत होते. हातांना काम असलं की कान मोकळे होतात, हे आमच्या आज्यांना वाती वळताना कीर्तन ऐकत ठाऊक होतंच.

त्या वर्षीच्या सन्माननीय पाहुण्यांत क्लेअर ब्रायली आणि मार्क प्लमर हे जोडपं होतं. त्यांना हा मान लेखक म्हणून दिलेला नव्हता, चाहते म्हणून दिला होता. दोघं मिळून ‘बनाना विंग्ज’ नावाचं चाहत्यांचं नियतकालिक काढत आले आहेत. वाचकाचाही सत्कार व्हावा, त्यानं इतकी वर्षं निष्ठेनं वाचलं, लिहिलं, माणसं जोडली म्हणून त्याला मंचावर बोलवावं, ही कल्पना मला फार मोठी वाटली. आपल्या साहित्य संमेलनातही हे व्हावं असं मनापासून वाटतं. गावोगावी पदरमोड करून वाचनालयं चालवणारी, अंक जपून ठेवणारी, लेखकांना साधी पोस्टकार्डं लिहिणारी किती माणसं आपल्याकडे आहेत.

जुन्या छायाचित्रांत मी एका बाईंना शोधत होते. मर्टल डग्लस, चाहत्यांत त्यांचं नाव मोरोजो. पहिल्या संमेलनाला लॉस एंजेलिसहून त्या आणि फॉरेस्ट अकरमन असे दोघं गेले होते, भविष्यकाळातल्या माणसांचा पोशाख करून. अंगावर झूल, ऐटदार कपडे, न्यूयॉर्कच्या जुलैतल्या उकाड्यात. त्या दोनशे जणांत असा वेश करून आलेले हे दोघंच. अकरमन पुढे खूप नावाजले, आणि संमेलनाला वेश करून जाण्याची चाल त्यांनी पाडली असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते दोन्ही पोशाख बेतले आणि शिवले होते मोरोजोनं. आज तिचं नाव आदरानं घेतलं जातं. मी छायाचित्रासमोर उभी राहिले तेव्हा मला शिवणयंत्राचा आवाज ऐकू आला. दोघांची मापं घेतलेली, कापड पलंगावर पसरलेलं, आणि खिडकीबाहेर एका साध्या रस्त्यावर १९३९ साल. भविष्यकाळ कुणीतरी रात्री जागून शिवावा लागतो.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. एका परिसंवादासाठी लांब रांग होती. माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाई उभ्या उभ्या विणत होत्या. कुठून आलात, असं त्यांनी विचारलं, आणि मग, ‘तुमच्या भाषेत कुणी लिहितं का असं?’ मी नारळीकरांचं नाव सांगितलं, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे अशी नावं सांगितली. त्यांना नावं नको होती. ‘एखादी गोष्ट सांगा,’ त्या म्हणाल्या.

मी नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ सांगायला घेतली. पण सोंडेपाशीच अडले. गणपतीची सोंड बहुतेक मूर्तींत डावीकडे वळलेली असते, उजवीकडे वळलेली क्वचित, आणि ती कडक मानतात, हे सांगितलं. त्यांना गणपती माहीत होता. आता डाव्याचं उजवं होतं कसं, आरशातली प्रतिमा आरशाबाहेर येते कशी, तिथे मोबियसची पट्टी समजावायची वेळ आली आणि माझं इंग्रजी संपलं. शब्द शोधत असताना शेजारून यांचा हात पुढे आला. कार्यक्रमपत्रिकेच्या कडेची लांब पट्टी यांनी नखानं सरळ फाडली होती. तिला अर्धा पीळ दिला, दोन्ही टोकं बिल्ल्याच्या फितीच्या चिकट कडेनं जोडली आणि खिशातलं पेन तिच्यावर टेकवून, न उचलता, रेघ ओढत नेली. रेघ एका बाजूनं निघाली, दुसऱ्या बाजूनं फिरली आणि निघाली तिथेच परत आली. ‘असा एक फेरा मारून आलं की डावं ते उजवं होतं,’ हे मराठीत म्हणाले, आणि बाईंना ते कळलं. त्यांनी विणकाम खाली घेतलं, पट्टी बोटांवर चढवली आणि म्हणाल्या, ‘असा मफलर विणतात! मी माझ्या नातीला विणला आहे. आता त्याच्यासाठी मला गोष्ट मिळाली.’ मागचेपुढचे पाच-सहा जण ऐकायला सरकले. मी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. पुण्यात सर तेव्हा होते, पुढच्या वर्षी, २० मे २०२५ला ते गेले. ती बातमी ऐकल्यावर मला आधी ती रांग आठवली, आणि स्कॉटलंडच्या कुठल्याशा गावात गळ्याभोवती पीळ देऊन बसलेला एक मफलर.

रांग पुढे सरकल्यावर मी यांना विचारलं, ‘तुम्ही ही गोष्ट कधी वाचलीत?’

‘वाचली नाही. तू सांगितली होतीस. लग्न झालं त्या वर्षी, मनमाडच्या फलाटावर. गाडी चार तास उशिरा होती.’

मला तो फलाट आठवतो. उन्हाळा होता, आम्ही ट्रंकेवर बसलो होतो, यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं होतं, झोपले.

शेवटच्या दिवशी दुपारी मी यांच्याबरोबर गेले, यांच्या जागी. हे रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहत होते, हे मला एव्हाना कळलं होतं. प्रदर्शन केंद्राच्या अंगणातच म्हणावी अशी, नदीच्या काठावर, फिनिस्टनची क्रेन आहे. १९३२ सालची, ५३ मीटर उंच, आता बंद, पण जपून ठेवलेली. एका वेळी १७५ टन उचलायची. शहराच्या स्प्रिंगबर्न भागात तयार झालेली वाफेची इंजिनं रस्त्यांवरून, माणसांच्या गर्दीतून ओढत इथे आणत, आणि ही क्रेन त्यांना उचलून बोटीवर ठेवी. हिंदुस्थानासाठी अशी शेकडो इंजिनं गेली. नॉर्थ ब्रिटिशचा तो कारखाना १९६२ साली बंद पडला.

‘अण्णांनी हात लावलेली काही इथूनच लटकत गेली असणार,’ हे म्हणाले. मान वर केलेली, चष्म्यावर पाऊस. ‘मला लहानपणी वाटायचं, ग्लासगाव म्हणजे काचेचं गाव. सगळी घरं काचेची, कारखाना काचेचा. इंजिन आत बनताना बाहेरच्या पोरांना दिसतं. भट्टीचा उजेड भिंतींतून रस्त्यावर येतो, म्हणून त्या गावात रात्र होत नाही. लोकांच्या अंगावर चालताना रंग पडतात. मी झोपताना रोज थोडं थोडं बांधायचो ते गाव. एकदा पूलही बांधला होता, काचेचा, वरून गाडी गेली की खालून चाकं दिसायची.’

‘मला कधी बोलला नाहीत.’

‘खोटं होतं ना ते.’

मी यांच्याकडे बघत राहिले. बाजूला ती दुसरी गोल इमारत होती, २०१३ साली बांधलेली, जिच्या भिंती अर्धपारदर्शक आहेत आणि रात्री आतून उजळतात. पहिल्या रात्री आम्ही दोघांनी ती उजळलेली बघितली होती. मी म्हटलं होतं, किती सुंदर. हे काही बोलले नव्हते.

रेनकोट घातलेले एक स्वयंसेवक आजोबा आमच्याजवळ येऊन थांबले. सलग दोन-तीन दिवस त्यांनी यांना तिथे पाहिलं होतं. त्यांनी सांगितलं, १९८७ साली जॉर्ज वायली नावाच्या शिल्पकारानं याच क्रेनला एक इंजिन टांगलं होतं. खऱ्या मापाचं, पण गवताचं. लोखंडी सांगाड्यावर पेंढा बांधून केलेलं. इंजिनं बनवणारं शहर आता इंजिनं बनवत नाही, याची आठवण म्हणून. ते दिवसच्या दिवस नदीकाठी हवेत टांगलेलं होतं. मग ते स्प्रिंगबर्नला परत नेलं आणि तिथे त्याला अग्नी दिला. पेंढा जळून गेल्यावर आतून, सांगाड्यात दडवलेलं, एक मोठं प्रश्नचिन्ह दिसू लागलं.

आजोबा गेले. पाऊस तसाच तरंगत होता. आर्मडिलोच्या बाजूनं माणसं घोळक्या-घोळक्यानं समारोपाला निघाली होती, त्यांच्या फितींच्या शेपट्या ओल्या होऊन अंगाला चिकटल्या होत्या. यांनी घड्याळ पाहिलं. तेच, अण्णांचं.

‘तुला उशीर होईल.’

‘होऊ दे.’

हे पुन्हा वर बघू लागले, क्रेनच्या हाताचं टोक जिथे ढगात शिरल्यासारखं दिसत होतं तिथे. थोड्या वेळानं म्हणाले, ‘त्या गवताच्या इंजिनाला पाटी असेल का गं?’